तारेचा, बटणाचा की एकांडा

४ जानेवारी, रविवार

मास्तरीणबाईंनी आज मला दुकानातून जवळजवळ हाकललंच. म्हणाल्या, "तीन महिने झाले, दर रविवारी येता आणि दर रविवारी नवं मत. घरी जा, एक वही घ्या, आणि काय वाटतं ते तारीख घालून लिहा. वहीला कंटाळा येत नाही. मला येतो."

म्हणून ही वही.

मास्तरीणबाई म्हणजे सायकलीच्या दुकानाच्या मालकीण. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही, पण पंक्चर काढायला आलेल्यालाही उभ्या उभ्या धडा दिल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात.

प्रश्न असा. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने माझ्या मापाची पोलादी फ्रेम करून घेतली. गडद हिरवी. तेव्हापासून ती बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलेली आहे. ही म्हणते, लोक भिंतीवर फोटो लावतात, आपल्याकडे सांगाडा. तर या सांगाड्याची सायकल करायची म्हणजे ग्रुपसेट हवा: गिअर, साखळी, दाते असलेल्या चकत्या, ब्रेक आणि हे सगळं हाताळणारे हँडलवरचे दोन लिव्हर. हे एकाच घराण्यातले घ्यावे लागतात, नाहीतर एकमेकांशी पटत नाही. सोयरीकच ती. एकदा जमली की मोडणं अवघड.

स्थळं तीन आहेत. पहिला तारेचा: लिव्हर आडवा ढकलला की आतली तार ओढली जाते आणि गिअर बदलतो. डावा लिव्हर पुढच्या दोन चकत्यांचा, उजवा मागच्या अकरांचा. दुसरा बटणाचा: बोट टेकवलं की बारीकशी मोटर गिअर बदलते, पण बॅटरी लागते. तिसऱ्याला मी एकांडा म्हणतो. त्याला पुढे एकच चकती. डाव्या हाताला गिअरचं कामच नाही, फक्त ब्रेक. हा कच्च्या रस्त्यावर धडपडणाऱ्यांसाठी. माझ्यासारख्या गुळगुळीत रस्त्यावरच्या माणसाने याच्याकडे बघायचंही कारण नाही. यादीत आहे तो केवळ मास्तरीणबाईंच्या आग्रहाखातर.

माझा धंदा दातांचाच. दंतवैद्यांसाठी कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवतो, एकतीस वर्षं. पण हे दात मला कळेनात.

मुदत मेपर्यंत. बर्फ वितळून खिंडीचा रस्ता तेव्हा उघडतो. लेक नऊ वर्षांची असताना तिला गाडीतून तिथे नेलं होतं. तिने विचारलं, "बाबा, इथे सायकलने येता येतं का?" मी म्हटलं, तू मोठी झालीस की येऊ. आता ती सव्वीस वर्षांची आहे, आणि या मे महिन्यात यायचं तिने कबूल केलंय. चोवीस किलोमीटरचा अखंड चढ.


९ जानेवारी

आज कामावरून लवकर निघून दुकानात गेलो. मास्तरीणबाईंनी तारेचा संच स्टँडवरच्या सायकलीला चढवून ठेवला होता. उजवा लिव्हर अप्रतिम. प्रत्येक गिअर कुलपात किल्ली फिरावी तसा बसतो.

डावा मात्र भलताच कडक. अर्ध्यापर्यंत जातो आणि पुढे सरकतच नाही. चार वेळा प्रयत्न केला. शेवटी उजवा हात पलीकडे नेऊन ढकलला, तेव्हा साखळी मोठ्या चकतीवर चढली.

"नवा आहे ना, रुळेल," मी म्हटलं.

मास्तरीणबाईंनी एका करंगळीने तो लिव्हर पूर्ण ढकलला.  लिव्हरकडे बघायचं सोडून माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"थंडीने बोटं आखडतात," मी म्हटलं.

"आत कुठे थंडी आहे?" त्या म्हणाल्या.

नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांना म्हणायचं असावं. पण अंगण खरंच वाकडं होतं. त्यांची करंगळी वीस वर्षं पाने चालवून लोखंडाची झाली आहे. त्यांचं माप सगळ्यांना लावून कसं चालेल?


१७ जानेवारी, शनिवार

कामावर प्लास्टरचा साचा हातातून निसटून फुटला. या महिन्यातला तिसरा. ज्यांच्यासाठी काम करतो त्या दंतवैद्य बाई हसून म्हणाल्या, "काका, आता तुम्हालाच कवळी लागायची वेळ आली." मीही हसलो. नवीन प्लास्टरची भुकटी फार गुळगुळीत येते, हे त्यांना सांगूनही पटत नाही.

हिने माझ्यासाठी चार सदरे आणलेत, सगळे डोक्यातून घालायचे. एकालाही गुंडी नाही. मी विचारलं, मला काय बालवाडीत घालायचंय? म्हणाली, "स्वस्त मिळाले." ही स्वस्त मिळालं म्हणून काही घेणारी नव्हे. वय झालं की माणसं बदलतात.


२५ जानेवारी, रविवार

जुन्या सायकलवर साठ किलोमीटर. पाय झकास. चढावर दोन तरुणांना मागे टाकलं. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "ते फोनवर बोलायला थांबले असतील."

तिचा कौल बटणाला. "बाबा, काळ कुठे गेलाय बघ." माझं म्हणणं तेच: जी वस्तू रस्त्यात बसून स्वतःला दुरुस्त करता येत नाही, ती आपली नव्हे. तार तुटली तर दुसरी घालता येते. बॅटरी संपली तर खिंडीत कोणाच्या नावाने हाक मारायची? आणि तारेचा संच नीट ठेवला तर वीस वर्षं जातो. म्हणजे मी पंचाहत्तर वर्षांचा होईपर्यंत बघायला नको.

मेहनतीचा परिणाम दिसू लागलाय. चरबी चांगलीच उतरली. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा तर अशी खोल गेली आहे की पाणी ठेवावं. दंडावरचा स्नायू बसल्या बसल्या फडफडतो, कातडीखाली पाखरू असावं तसा. हिला कौतुकाने दाखवलं. तिने दंडावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. इतक्या वर्षांनी असं काही केलं की माणसाला लाज वाटते. मी म्हटलं, दूध उतू जाईल.


३ फेब्रुवारी

लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

बटणाच्या संचाची सायकल मास्तरीणबाईंनी फिरवून बघायला दिली. हलकं इतकं की फसवणूक वाटावी. डाव्या बोटाने नुसतं टेकलं की पुढची चकती बदलते. मनात म्हटलं, लेक जिंकली. परत येताना दुकानाच्या कोपऱ्यावर वळण आहे, तिथे ब्रेक दाबले. या सायकलीचा डावा ब्रेक पुढच्या चाकाचा, म्हणजे खरा थांबवणारा तोच. तो लागलाच नाही. मी सरळ समोरच्या घराच्या कुंपणात. हाताला खरचटलं, बाकी काही नाही.

"ब्रेकच्या नळीतल्या तेलात हवा आहे," मी म्हटलं.

मास्तरीणबाईंनी सायकल उचलली, डावा ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. पुन्हा दाबला, पुन्हा थांबलं. मग सायकल भिंतीला लावली, हात पुसले आणि म्हणाल्या, "दोन्ही हात पुढे करा. माझी बोटं दाबा. जोरात."

मी दाबली.

"डाव्याने दाबा."

"दाबतोय की."

त्यांनी आपली बोटं अलगद काढून घेतली. मग म्हणाल्या, "आधी डॉक्टरांना दाखवा. मग संच ठरवू. तोपर्यंत मी तुम्हाला काही विकणार नाही."

माझा पारा चढला. गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवणारं दुकान मी आजवर पाहिलं नव्हतं. आपल्या मालाला नाव ठेवलेलं खपत नाही, दुसरं काय! तसं तोंडावर बोललोही. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, ही गोष्ट आत्ता लिहिताना टोचते आहे. त्या उत्तर दिल्याशिवाय राहणाऱ्यातल्या नाहीत.


५ फेब्रुवारी

बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. काचा, दिवे, गालिचा. विक्रेता माझ्या प्रत्येक वाक्याला "बरोबर साहेब" म्हणत होता. तारेचा चांगला? बरोबर साहेब. बटणाचं फॅड? बरोबर साहेब. पंधरा मिनिटांत मला स्वतःच्या मताचा वीट आला. तरी तारेचा संच बाजूला काढून ठेवायला सांगितलं.

घरी येऊन हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या गुरुवारी सुट्टी टाक. नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मागच्याच महिन्यात घेतली होती, आत्ता नंबर लागला."

"तुला मास्तरीणबाईंनी फोन केला?"

"मी त्यांना ओळखत नाही."

"मग कोणी सांगितलं?"

"तू रोज सकाळी गुंड्यांशी दहा दहा मिनिटं झगडतोस. मला काय दिसत नाही?"

 दहा मिनिटं नाही लागत. पाच फार तर.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर वयाने लहान, बोलायला गोड. हातोडीने गुडघे ठोकले, जीभ बाहेर काढायला लावून बराच वेळ बघितली. जिभेचा आणि हाताचा काय संबंध, हे विचारायचं राहून गेलं. मग स्नायूंत सुया टोचून यंत्रावर त्यांचा आवाज ऐकला. पावसात पत्र्यावर वाजावं तसं तडतडत होतं. डावा हात झाला, मग उजवा, मग दोन्ही पाय, मग पाठ. डाव्या हातासाठी गेलेल्या माणसाचे पाय कशाला टोचायचे? पण यंत्र महागाचं असतं, वापरलं नाही तर परवडत नसेल.

माझा अंदाज मानेचा आहे. सायकलवर वाकून वाकून मणका दबला असणार. डॉक्टरांना मी तिन्ही संच नीट समजावून सांगितले आणि मानेला कोणता बरा ते विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळ्यात हलका जो चालेल तो घ्या."

म्हणजे बटणाला आणखी एक मत. मोठ्या दुकानात फोन करून तारेचा सोडून दिला.


२६ फेब्रुवारी

मानेचा फोटो स्वच्छ आला. मणका कुठेही दबलेला नाही. मी खूश होऊन हिला म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतीस. ती हो म्हणाली आणि न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

लेकीचा फोन आला. तिला अचानक रजा मिळाली आहे, पुढच्या शुक्रवारी येते म्हणाली. गेल्या वर्षी दोन दिवसांची मागितली तर मिळाली नव्हती.


६ मार्च, शुक्रवार

आज आजाराचं नाव सांगितलं. लांबलचक आहे, इथे लिहीत नाही.

मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणारे तंतू असतात, ते एकेक करून मरतायत. डाव्या हातापासून सुरुवात. पुढे दुसरा हात, पाय, बोलणं, गिळणं, श्वास. क्रम सांगता येत नाही. समज शेवटपर्यंत शाबूत राहते. औषधाने वेग थोडा कमी होतो, थांबत नाही.

ही आणि लेक दोन बाजूंना बसल्या होत्या. मी विचारलं, किती. डॉक्टर म्हणाले, साधारण तीन वर्षं, कोणाला कमी, कोणाला जास्त.

मी विचारलं, सायकल?

"पाय आज उत्तम आहेत. चालवा. पडू नका."

परत येताना गाडी लेकीने चालवली.  घराशी आल्यावर ही म्हणाली, "दूध आणायचं राहिलं." आम्ही तिघंही दूध आणायला गेलो.


२१ मार्च, शनिवार

पंधरा दिवस वहीला हात लावला नाही. लेक आठवडाभर राहून गेली. काम चालू आहे. दंतवैद्य बाईंना सांगितलं. त्यांनी साचे धरायला एक लोखंडी चिमटा टेबलाला पक्का बसवून दिला आणि स्वतःच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आज दुपारी दारात मास्तरीणबाई. दुकानाबाहेर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हात धुऊन, स्वच्छ कपड्यांत आल्या होत्या. दुसऱ्याच कोणी वाटल्या. हिने त्यांना कळवलं होतं. आधी ओळख नव्हती म्हणे, आता झाली.

मी म्हटलं, "त्या दिवशी वाटेल ते बोललो."

"बोललात खरं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय कळणार? वीस वर्षं लिव्हरवरचे हात बघतेय. तुमचा त्यांच्यासारखा नव्हता, एवढंच."

चहा झाला. मी म्हटलं ही फ्रेम विकून टाका, कोणी माझ्या उंचीचा असेल तर. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या, पदराने वरची नळी पुसली. "धूळ किती बसलीय. मे महिन्याला सहा आठवडे आहेत अजून."

"मास्तरीणबाई, मी वीस वर्षांच्या हिशेबाने संच बघत होतो."

"ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तर ठरत नव्हतं तुमचं." त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "आज काय चालतंय तेवढं सांगा. पाय?"

"चालतात."

"उजवा हात?"

"चालतो."

"मग एकांडा. बटणाचा. पुढे एकच चकती, म्हणजे डाव्याला गिअरचं कामच नाही. मागचे सगळे गिअर उजव्या बोटाखाली. आणि ब्रेकच्या नळीला फाटा काढून दोन्ही चाकांचे ब्रेक उजव्या लिव्हरवर आणते. डाव्या हाताने नुसतं हँडलवर बसून राहायचं, लग्नातल्या म्हाताऱ्या काकांसारखं."

मी हसलो. सहा मार्चनंतर पहिल्यांदा हसलो, हे माझ्या लक्षात आलं नाही. नंतर हिने सांगितलं.

जो संच यादीत नुसता नावापुरता होता, तोच.


२९ मार्च, रविवार

लेक दोन दिवसांसाठी पुन्हा आली आहे. तिला एकांडा पसंत नाही. जेवताना बोलणं निघालं.

"बाबा, ही फ्रेम इतकी सुंदर आहे. तिला नीट दोन चकत्यांचा, तारेचाच संच घाल ना. तुला पहिल्यापासून तोच आवडत होता. मे महिन्यापुरती काहीतरी सोय करू, पण संच कायमचा राहील. माझी उंची तुझ्याएवढीच आहे, म्हणजे नंतर..."

तिथे ती थांबली. हिने पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. वस्तू घरातच राहील, लेक चालवेल. बापाला आणखी काय हवं असतं? पण दोन घास गेल्यावर आतून काहीतरी वर आलं. मी अजून आहे. ताटावर बसून वरणभात खातोय. माझ्या सायकलीचं माप मी गेल्यानंतरच्या दिवसांवरून का घ्यायचं?

मी म्हटलं, "नंतर तुला हवा तो संच घाल. हवं तर आणखी चार चकत्या लाव. आत्ता ही सायकल माझी आहे."

ती रडली. मग म्हणाली, "बरोबर आहे." मग नाक पुसून म्हणाली, "पण हिरव्या फ्रेमला काळी चकती शोभणार नाही. रुपेरी घे." तेवढं मी ऐकलं.


११ एप्रिल, शनिवार

मास्तरीणबाईंनी सायकल बांधली. मला स्टुलावर बसवून प्रत्येक स्क्रू दाखवत होत्या. गिऱ्हाईक आलं की "आज नाही, उद्या" म्हणून परत पाठवत होत्या.

एकच अडचण राहिली. डावा हात हँडलवर ठेवला की रस्त्याच्या दणक्याने घसरतो. पट्ट्याने बांधला तर पडताना सुटणार नाही. त्या म्हणाल्या, "हे मला सुचत नाही."

मला सुचलं. एकतीस वर्षं मी लोकांच्या तोंडाची मापं घेतलेली आहेत. दात असोत नाहीतर हात, माप ते माप. कामावरून मापाची लगदी आणली, हँडलवर थापली आणि डावा हात आरामात पडेल तसा तिच्यात दाबून धरला. लगदी घट्ट होईपर्यंत मास्तरीणबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं. चार मिनिटं. त्या चार मिनिटांत आम्ही दोघं भिंतीवरच्या टायरांकडे बघत होतो.

मग त्या मापावरून कवळीच्याच साहित्याची एक खोबण करून हँडलला बसवली. हात तिच्यात असा बसतो की घसरत नाही, आणि उचलला की लगेच सुटतो. रंग मात्र हिरडीचा, गुलाबी. आमच्याकडे दुसरा नसतो.

मास्तरीणबाईंनी ती खोबण उलटीसुलटी करून पाहिली. "हे मला शिकवा. असे हात आणखी येतील."

सोमवारपासून त्या संध्याकाळी कामावर येणार आहेत. मास्तरीणबाईंना मी शिकवणार! कधी कोणाला खरं वाटणार नाही.


२४ एप्रिल

चाळीस किलोमीटर. गिअर एकदाही चुकला नाही. एकच चकती असली की किती विचार वाचतात. मी ज्याला उणेपणा म्हणत होतो तो उणेपणा नव्हताच.

एक गोष्ट इथे लिहितो, घरात सांगणार नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आज सकाळपासून फडफड आहे. थोडीच.

लेकीला फोन करून म्हटलं, रस्ता उघडलाय म्हणतात, मेअखेरची वाट कशाला बघायची. तीन तारखेलाच जाऊ. तिने कारण विचारलं नाही. "तिकीट काढून ठेवलंय," म्हणाली. हिने सांगितलं असणार. म्हणजे हिला दिसलंय.


३ मे, रविवार

झालं. आजचं आजच लिहितो. अक्षर वाईट आहे, चालवून घ्यावं.

सकाळी सातला पायथ्यापासून निघालो. लेक माझ्या डाव्या बाजूला. ही आणि मास्तरीणबाई गाडीत मागून. मास्तरीणबाईंनी रविवारी दुकान बंद ठेवल्याचं ऐकून रस्त्यात भेटलेल्या दोन सायकलस्वारांनी विचारलं, कोणी गेलं का? त्या म्हणाल्या, "कोणी गेलेलं नाही. चढतायत पुढे."

पहिले दहा किलोमीटर झाडी आणि सावली. लेक आपल्या ऑफिसातल्या भांडणांविषयी बोलत होती. मी नुसता हुं हुं करत होतो. बाराव्या किलोमीटरला झाडं संपली. चढ अंगावर आला. एकेक गिअर खाली येत गेलो आणि मागच्या शेवटच्या, सर्वात मोठ्या चकतीवर येऊन थांबलो. त्याच्या पलीकडे काही नव्हतं. तिथे एकदाच मनात आलं की पुढे दोन चकत्या असत्या तर. मग विचार केला, असत्या तरी डाव्या हाताने त्या बदलल्या नसत्याच. आहे त्यातच फिरवायचे पाय. फिरवले.

अठराव्याला थांबलो. लेकीने पाण्याची बाटली उघडून दिली. मी घेतली. ती म्हणाली, "बाबा, इथून परत फिरलो तरी चालेल."

"तुला दम लागलाय का?"

"मला नाही लागला."

"मग चल."

शेवटचे तीन किलोमीटर मी फारसं काही बघितलं नाही. पुढचं चाक, त्याखालचा रस्ता, कडेला बर्फाचे मळकट ढीग. लेक आता अगदी जवळून चालवत होती. एका वळणावर तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, ढकलायला नाही, नुसता. मी म्हटलं, "काढ, वजन पडतं." तिने काढला. किलोमीटरच्या पाट्या संपल्या आणि रस्ता सपाट झाला, तेव्हा मला कळायलाही दोन क्षण लागले.

वर वारा होता आणि रिकामी जागा. गाडी आधीच पोचली होती. मास्तरीणबाई बाहेर येऊन सायकलीभोवती फिरल्या, साखळी बघितली, चकती बघितली. "दात शाबूत आहेत," म्हणाल्या, आणि पाठ करून लांब कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

ठरलं होतं ते असं: दहा मिनिटं थांबून उतारही सायकलनेच. त्यासाठीच दोन्ही ब्रेक एका लिव्हरवर आणले होते, त्यात मास्तरीणबाईंचे दोन रविवार गेले होते. मी उभ्या उभ्या उजवा लिव्हर दाबून बघितला. दाबला गेला. पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी बोटं अर्ध्यावर राहिली. ती दमली होती की आणखी काही, ते मला सांगता येणार नाही. खाली चोवीस किलोमीटर उतार होता, आणि वळणं.

कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मला उतरता आलं असतं. कदाचित नीट उतरलोही असतो.

मी लेकीला म्हटलं, "सायकल गाडीवर चढव. मी गाडीतून येतो."

तिने सायकल माझ्याकडून घेतली. मास्तरीणबाई कठड्यापासून मागे वळल्या. ब्रेक वाया गेले, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "दाबून बघितलात ना? मग झालं त्यांचं काम."

ही जवळ आली. मी सकाळपासून डोक्याला घट्ट बसलेल्या हेल्मेटचा चाप शोधत होतो. डावा हात वर येत नव्हता आणि उजव्याला तो दाबवेना. घरी असतो तर तोंड फिरवून दुसऱ्या खोलीत गेलो असतो. इथे दुसरी खोली नव्हती. मी हनुवटी वर केली.

तिला तो चाप उघडता येईना. तिने आयुष्यात हेल्मेट घातलेलं नाही. "ओढायचं का?"

"ओढायचं नाही. दोन्ही बाजूंनी चिमटीत धर आणि दाब."

"असं?"

"जरा खाली."

तिसऱ्या वेळेला उघडला. वाऱ्याने तिचे डोळे पाण्याने भरले होते, माझेही. लेक गाडीवर सायकल बांधत होती.

"परत लाव," मी म्हटलं, "आणि पुन्हा काढ. शिकून घे."

तिने पुन्हा लावलं आणि पुन्हा काढलं.